घडीच्या आतली नावं

पायसांदू,
१६ एप्रिल २०००

चि. एल्बियो यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मोन्तेविदेओच्या पक्ष-कचेरीत तुला आता स्वतःचं टेबल मिळालं म्हणे! आई असती तर गल्लीभर सांगत सुटली असती. ते काम मीच उरकलं. टाय मात्र नीट बांधत जा, फोटोत तो शेपटासारखा लोंबतोय.

इथली मोठी बातमी म्हणजे नाइर निवडणुकीला उभी राहायला तयार झाली. सहा महिने तिच्या मागे भुणभुण लावली होती. मी इंजेक्शनं देणारी नर्स, मला कशाला या भानगडीत ओढतेस, असं म्हणायची. मग रोसालेसांच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि पार शहरातल्या दवाखान्यापर्यंत हातगाडीवरून न्यावं लागलं. त्या संध्याकाळी नाइर आपणहून आली आणि म्हणाली की घाल माझं नाव. जिल्हा सभेच्या यादीत तिसरी जागा तिची, हे तूच फोनवर कबूल केलंस. तिसरी म्हणजे निवडून आल्यातच जमा. वस्तीत दवाखाना हवा असेल तर यादी ५८१७, असं मी एकशे बारा घरांत सांगून आलेय. माझ्या शब्दावर माणसं हो म्हणालीत, एवढं लक्षात ठेव.

पेपरात छापून आलंय की आपला गट लाकूडवाल्या सागास्तुमेशी हातमिळवणी करतोय. निवडणुकीच्या दिवसांत पेपरवाल्यांना काहीतरी खरडावं लागतंच. तरी एका ओळीत ‘नाही’ असं कळव, म्हणजे इथल्या शहाण्यांची तोंडं बंद करता येतील. आणि याद्या लवकर पाठव, घड्या घालायला पाचसहा बायका बाह्या सरसावून बसल्यात.

लोभ आहेच, तो निवडणुकीनंतरही टिकू दे.

तुझी ताई,
सुल्मा

मोन्तेविदेओ,
२८ एप्रिल २०००

ती. सुल्माताईस,
सा. न. वि. वि.

याद्यांचे चार गठ्ठे आजच्या बसने पाठवले आहेत. सोबत चहासाठी तुझ्या आवडीची येर्बाची पत्ती आहे. छपाईला उशीर झाला, त्यामुळे आता भराभर हात चालवायला हवेत. घडी नेहमीसारखीच, नंबर बाहेर आणि बाकी सगळं आत. लोक नंबरच बघतात आणि कागद तसाच मताच्या पाकिटात घालतात, हे तुला मी काय सांगायचं!

पेपरचं फार मनावर घेऊ नकोस. इथे रोज शंभर गोष्टी बोलल्या जातात. तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून पक्ष उभा आहे, असं परवा साहेब चारचौघांत म्हणाले, तेव्हा माझी मान ताठ झाली. टायही आता नीट बांधतो.

उत्तराची घाई करू नकोस, कामं खूप आहेत. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
एल्बियो

पायसांदू,
१६ मे २०००

एल्बियो,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाहीये, म्हणून सरळ सुरुवात करते.

तीन दुपारी नाइरच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही साडेतीन हजार घड्या घातल्या. येर्बाचा पेला फिरत होता, बाहेर कर्ण्याच्या गाडीवर आपलंच गाणं वाजत होतं. नाइर मात्र गप्प होती. मला वाटलं, उमेदवार झाली म्हणून घाबरलीय. मी तिची चेष्टासुद्धा केली.

मतदानाच्या दिवशी शाळेत मी पक्षाची प्रतिनिधी होते. मत द्यायच्या बंद खोलीतल्या टेबलावर आपल्या यादीचा गठ्ठा नीट लावून बाहेर येऊन बसले. अकराच्या सुमारास सिरियाकोकाका आले. त्यांना साखरेच्या पुडीचा कागदही भिंगाखाली वाचायची खोड. वाकून कानात विचारतात कसे, की नाइरचं नाव काय अदृश्य शाईने छापलंय? मी अंगणात जाऊन एक घडी उलगडली. तिसरं नाव सागास्तुमेच्या जावयाचं. नाइर सगळ्यात खाली, सतराव्या जागेची तिसरी बदली उमेदवार.

इतकी वर्षं याद्या वाटतेय, पण मी कधी यादी वाचली नाही. आपल्याकडे वाचतं कोण? नंबर आपला, छापणारा भाऊ आपला, झालं!

शाळेच्या फोनवरून तुला सहा वेळा फोन लावला. छापखान्याची चूक असेल, तू काहीतरी सांगशील असं वाटत होतं. तू उचलला नाहीस. बूथवर याद्यांबद्दल एक अक्षर बोलायची कायद्याने बंदी. छातीवर बिल्ला लावून मी तोंड शिवून बसले आणि माझी माणसं एकेक करून आत गेली. जाताना खिशावर थाप मारून मला दाखवत होती, की तू दिलेला कागद आणलाय हं. रोसालेसांची सून बाळाला कडेवर घेऊन आली होती. बिल्ला काढून फाटकाबाहेर उभी राहून मला ओरडता आलं असतं. मी तुझ्या फोनची वाट बघत बसले, याची मला लाज वाटते. जावई निवडून आला, आपल्या वस्तीच्या मतांवर.

रात्री नाइरकडे गेले. तिला काय सांगायचं ते ठरवत गेले, तर तिला ठाऊक होतं. पहिल्याच दुपारी तिने गठ्ठ्यातला कागद वाचला होता. तिला वाटलं, सुल्मालाही माहीत असणार, भावाने कळवलं असणारच. तीन दुपारी ती माझ्यासमोर बसून घड्या घालत राहिली, मी स्वतःहून कधी सांगते याची वाट बघत. मला काहीच माहीत नव्हतं असं मी शपथेवर सांगितलं. ती म्हणाली की असेलही तसं, आणि दिवा मालवायला उठली.

वीस वर्षांची मैत्रीण आहे ती माझी. तुला माहीत होतं का, एवढंच कळव.

सुल्मा

मोन्तेविदेओ,
२२ मे २०००

ती. ताईस,
सा. न.

माहीत होतं. यादी मीच नोंदवली. निर्णय वरचा होता, सागास्तुमेशिवाय जिल्हा हातचा गेला असता. नाइरबाईंचं नाव यादीत आहे, ते मी भांडून ठेवलं. तुला सांगितलं असतं तर तू घड्या घातल्या नसत्यास, आणि तुझ्याशिवाय ती वस्ती आपल्याला मिळाली नसती. दवाखान्याचं साहेबांच्या कानावर घातलं आहे.

जुलैत बाबांच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला येतो आहे. तेव्हा हवं तर कानाखाली दे, पण अबोला धरू नकोस.

तुझाच,
एल्बियो

पायसांदू,
४ जून २०००

एल्बियो,

खरं लिहिलंस, तेवढं बरं केलंस.

उरलेल्या याद्या पिशवीत घालून मी दोन आठवडे पुन्हा दारोदार फिरले. प्रत्येक घरी कागद उलगडला, पहिल्यापासून शेवटपर्यंत नावं मोठ्याने वाचली आणि सांगितलं की हे मी न वाचता तुमच्या हातात दिलं होतं. काहींनी येर्बा पाजली. दोघांनी दार लावून घेतलं. रोसालेसांच्या सुनेने विचारलं, की आता वाचून काय उपयोग.

नाइरचं घर शेवटी ठेवलं होतं. अर्ध्यावर माझा आवाज बसला, तेव्हा ती थांबू देईना. म्हणाली की पूर्ण वाच, माझं नाव येईपर्यंत. वाचलं. मग तिने पाण्याचा पेला पुढे केला. आम्ही अजून पहिल्यासारखं बोलत नाही.

बाबांच्या प्रार्थनेला ये, ते तुझेही बाप होते. उतरायची सोय मात्र दुसरीकडे बघ.

एकशे बारा घरं झाली, एक राहिलं. यादी सोबत पाठवतेय, या वेळी नावं बाहेर ठेवून घडी घातलीय. मोठ्याने वाच.

सुल्मा