बिनफटीचं कपाट

२० एप्रिल, रविवार. दुपार

ललितनं भंगारवाला आणला. मले विचारलं नाही. मी वांगे चिरून राहिली होती, मागच्या टिनाच्या शेडमधून खणखण आवाज आला. जाऊन पाह्यलं तं बुढ्याचे रंधे तराजूत. भंगारवाल्याले म्हटलं, तराजू उचल, नाहीतं तुलेच तोलीन. तो गेला.

हं. आता जय भीम. ही वही माह्या नातीनं, प्रियदर्शनीनं, बीपी लिहाले देली. डॉक्टरनं रोज लिहा म्हटलं. आजचा बीपी: ललित.

बुढा म्हणजे श्रावण मिस्त्री, माहा नवरा. जाऊन चार वर्सं झाले. अर्ध्या अकोल्याच्या कवाडाले त्याचा हात लागला. आता पोराले ती शेड गाडीसाठी पाह्यजे. गाडी लिंबाखाली उभी राह्यते, पाखरं हगतात, अन् याचा जीव जाते.

सून आरती तं वेगळीच. तिले तिच्या खोलीत भिंतीच्या खाचेत कपडे ठेवाचं कपाट पाह्यजे. अमरावतीच्या शोरूमवाल्याले बोलावून बसली. तो १८ मेले माप घ्याले येते.

मी म्हटलं, कपाट मी करीन. दोघंबी हासले. प्रियू हासली नाही, पण आजी तुले येते का, असं विचारलं. बुढ्याच्या हातात पटाशी कोण देत होतं? फळीचं दुसरं टोक कोण धरत होतं? जन्मभर टोक धरलं, आता मधातलं येणार नाही का.

शर्त ठरली. १८ तारखेपर्यंत कपाट उभं राहिलं, उघडलं अन् लागलं, तं शेड माही. नाहीतं भंगारवाला परत. ललित म्हणे, लिहून दे. मी म्हटलं, वहीत लिहिलं. म्हणे, दाखव. मी म्हटलं, वही बीपीची आहे, खासगी.

२२ एप्रिल, मंगळवार

नक्शा डोक्यात तयार. कागदावर काढला नाही. ज्याच्या डोक्यात मावत नाही त्यानं कागद घ्यावा.

आठ दिवसात कपाट. मग प्रियूले टेबल. मग शेजारच्या पार्बताबाईले पाट, ते मुद्दाम, काहून का ती कुंपणावरून हासली.

बीपी: टाइम नाही.

२६ एप्रिल, शनिवार

माळ्यावरून आंब्याच्या फळ्या काढल्या. बुढ्यानं ठेवलेल्या. टिनाखाली वाळून पापड झाल्या, टिचकी मारली तं टणटण वाजतात. शेडमध्ये एवढं गरम का पाण्याच्या तांब्यात पत्ती टाकली तं चहा होईन.

उद्यापासून पहाटे पाचले उठून काम.

२७ एप्रिल, रविवार. सकाळ, साडेआठ

आत्ता उठली. रात्री लाइन गेली होती, त्याले मी काय करू.

३० एप्रिल, बुधवार

पहिली फळी कापली. हेकोडी गेली, वाकडीतिकडी. भंगाराच्या तराजूत आपटून करवतीचे दात बिघडले, म्हणजे चूक ललितची. दुसरी फळी टोंगळ्यावर पडली, गुडघा सुजला. तीबी त्याचीच.

प्रियूनं कटर मशीन भाड्यानं आणली. मी म्हटलं, मशीन म्हणजे आळस. बुढ्यानं कधी मशीन वापरली नाही. दुपारून वापरली. पोरीनं एवढी आणली, तिचं मन राखाव लागते. चार फळ्या सरळ निघाल्या. मशीनले तसं काही कळत नाही, हात माहा होता.

३ मे, शनिवार

आज मोठी गोष्ट लक्षात आली, लिहून ठेवाव लागते.

बुढा दरवाजे बसवताना सगळ्या बाजूनं फट ठेवे. जुना पैसा घेऊन फटीतून फिरवे, तो अटकला का अजून रंधा मारे. मी विचारलं तं म्हणे, लाकूड पाणी पिते, त्याले जागा लागते. लाकूड काय म्हैस आहे?

खरी गोष्ट अशी का त्याचा चष्मा जुना होता. नेमकं बसवता येत नव्हतं, म्हणून पैशाचं नाटक. लोकंबी वेडे, फटीवाले कवाडं घेऊन जात अन् वरून मिस्त्री चांगला म्हणत.

माह्या कपाटाले फट राहणार नाही. मुंगी आत गेली तं नाव बदलून घेईन.

६ मे, मंगळवार

आरतीच्या खोलीतल्या कूलरची मोटर जळली. ललित म्हणे, मेकॅनिक आठ दिवस येत नाही, अकोल्यात सगळ्यायच्याच जळल्या. सगळे हॉलमध्ये येऊन झोपले. एकमेकांचे पाय लाथाडून राहिले. मले बरंच झालं, खोली मोकळी भेटली. खोलीबी आता शेडसारखी भट्टी, लाकडाले परकं वाटणार नाही.

आरती विचारून गेली, आई, झेपते ना? मी म्हटलं, तू तुह्या पोळ्या पाह्य, त्याईले गोलाई झेपते का ते.

बीपी: प्रियूनं जबरदस्तीनं मोजला. मशीन खराब आहे.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

विहारात जाऊन आली. खीर केली. अन् कपाट उभं केलं.

खाचेत असं बसलं जसं भिंतीतूनच उगवलं. दोन्ही कवाडं लावले. टप्. फट नाही. दिवा लावून पाह्यला, उजेड पलीकडे जात नाही. ललितनं उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं. बोलला नाही. बाप कामावर खुश झाला का असाच चुप बसे.

पार्बताबाई खीर खाले आली. नख घालून पाह्यलं, नख जाईना. आता बोल म्हटलं तं म्हणे, माही वाटी रिकामी आहे.

आरतीनं कपडे भरले. प्रियूची अमरावतीच्या बँकेत नोकरी लागली, सोमवारी, १९ तारखेले, हजर व्हाचं आहे. सगळे ओरिजिनल सर्टिफिकेट नेणं आहे. तिनं फाइल अन् नवा ड्रेस बॅगेत ठेवला होता. मी म्हटलं, आजीनं कपाट केलं अन् तू बॅगेत ठेवते? लोकं काय म्हणतीन? तिनं दोन्ही कपाटात ठेवलं. पोरगी गुणाची आहे.

शेडवर पाटी लावाची ठरवली. पंचफुलाबाई मिस्त्री. बाळापूरपर्यंत ऑर्डर घेईन. त्याच्यापुढे नाही, मले गाडी लागते.

बीपी: उत्तम असन.

१५ मे, गुरुवार

ललितनं कुठून तरी मोटर आणली. कूलरले नवं गवत भरलं, पाणी टाकलं, खिडकीत, कपाटाच्या बाजूलेच. लय दिवसानं खोलीत गार हवा. गादीसुद्धा ओली लागून राहिली. सगळे घोरले.

१६ मे, शुक्रवार

कपाट जराक ओढून उघडाव लागते. नवं आहे, लाजून राहिलं.

१७ मे, शनिवार. सकाळ

उघडत नाही.

१७ मे. दुपार

ललितनं दोन्ही पाय भिंतीले लावून ओढलं. मुठ हातात आली, ललित पलंगावर. मी म्हटलं, पाह्य, असं मजबूत काम. चोराच्या बापाले उघडणार नाही. ललित म्हणे, मालकाच्या पोरीलेबी नाही.

फटीत मेण घासाव म्हटलं तं फट नाही. साबण लावला. खोबरेल तेल ओतलं. तेल खालून निघालं, कपाट वरून हाललं नाही.

प्रियू पलंगावर बसून. परवा अमरावती, अन् फाइल आत. एकदा फक्त म्हणे, आजी, बॅगच बरी होती. मी ऐकलंच नाही.

ललितनं पटाशी अन् हातोडा आणला. मी कपाटासमोर उभी राहिली. तोडाचं असन तं आधी मले तोड. म्हणे, पोरीची नोकरी मोठी का तुही शेड? मी म्हटलं, दोन्ही मोठे आहेत, अन् दोन्ही वाचतीन, उद्या दुपारपर्यंत दम धर. कसं ते माहीत नव्हतं. पण आवाज चांगला निघाला.

१७ मे. संध्याकाळ

पार्बताबाई पाहाले आली. म्हणे, बरं झालं बाई, कुलपाचा खर्च वाचला. खिरीची वाटी तिच्याकडेच होती, ती मागून घेतली.

प्रियूनं मोबाइलवर पाह्यलं. म्हणे, कूलरच्या ओलाव्यानं लाकूड फुगलं. मी म्हटलं, मोबाइलले काय कळते. अन् उठून कूलर बंद केला. मोबाइलचं ऐकून नाही. कूलरचा आवाज मले आवडत नाही.

१८ मे, रविवार

कालपासून कूलर बंद. खिडकीतून काढून आंगणात ठेवला. गाद्या उन्हात टाकल्या. बाहेर पंचेचाळीस, खोलीत किती ते देवाले माहीत, अन् देव आमच्या घरात नाही. प्रियूचा हेअर ड्रायर लावला. मी, ललित, आरती, प्रियू, चौघं कपाटासमोर बसून. घाम पुसून पुसून टॉवेल थकला. आरती म्हणे, आई, तुमच्या कपाटानं आमाले वाळवलं. मी म्हटलं, आंब्याचं आहे, आंबे उन्हातच पिकतात.

दुपारी अमरावतीचा शोरूमवाला माप घ्याले आला. दारातून पाह्यलं, सगळे लाल डोळ्यानं गपचूप बसलेले, त्यानं चपला काढल्या, आवाज खाली केला अन् विचारलं, कोणी गेलं का?

कोणी नाही गेलं, बसा म्हटलं.

तोबी बसला. मोठे लोकं असले तरी अशा वक्ती उठता येत नाही.

चारच्या सुमाराले कपाट बोललं. कट्. ललितनं हात लावला, उजवं कवाड सुटलं. प्रियूनं फाइल छातीले लावली. सर्टिफिकेट ठीक. ड्रेसले खोबरेल तेलाचा वास, खांद्यावर डाग. मी म्हटलं, ओढणी तिकडून घे. तिनं घेतली. हासलीबी जराक.

मग ललितले म्हटलं, आज १८ तारीख. उभं आहे, उघडलं, अन् हे पाह्य, लागलं. शर्त पुरी.

ललित म्हणे, म्हणजे कपडे बदलाचे असले का चौघायनं रात्रभर उकडून घ्याचं? शर्तीत ते लिहिलं नव्हतं. मी वही काढून दाखवली. त्याले वाचू देली नाही.

अमरावतीवाल्यानं माप घेतलं.

२१ मे, बुधवार

कपाट खाचेतून काढलं, शेडमध्ये उभं केलं. टिनाखाली लोण्यासारखं उघडते, लोण्यासारखं लागते. म्हणजे कपाटात दोष नव्हताच, घरात होता.

आता शेडमध्ये गाडी जात नाही. ललितनं दोनदा मागं पुढं करून पाह्यली, आरसा घासला. गाडी लिंबाखालीच. भंगारवाल्याले नाही म्हणून सांगतलं. शेड माही. जिंकली.

रंधे, पटाशा, करवत, सगळे कपाटात ठेवले. कपाट ठेवल्यावर फळी घ्याले जागा नाही. रंधा माराले हात मागं जात नाही. मी आत गेली का दरवाजा बाहेरून लावाव लागते. पाटीचं सध्या राहू दिलं.

बीपी: लिहिण्यासारखा नाही.

७ जून, शनिवार

अमरावतीवाल्याचं कपाट बसलं. सगळे झोपल्यावर जाऊन पाह्यलं नाही, भरदिवसा पाह्यलं, आरतीसमोर. दरवाज्यायले सगळ्या बाजूनं फट. बुढ्याचा जुना पैसा शेडमध्ये भेटला होता, तो फिरवला. कुठं अटकला नाही. कूलर फुल चालू होता. आरती चहा ठेवाले गेली. चहात साखर जास्त होती.

पैसा बुढ्याच्या फोटोमागे ठेवला.

प्रियूचा अमरावतीहून फोन आला. नोकरी चांगली, खोली गरम. मग विचारते, आजी, आबा तं चौथी नापास, त्याईले फटीचं कसं माहीत होतं?

ज्याले माहीत होतं त्याले विचाराव. फोटो हॉलमध्ये टांगला आहे, दिवाळीले आली का समोर उभं राहून विचार. उत्तर त्यानंच द्याचं. मले परत कोणी विचाराचं नाही.