डावीकडची रिकामी भिंत

मास्तर, परवा शेजारच्या सुनेनं तिच्या मोबाईलमधले फोटो दाखवले आणि मी प्रत्येक फोटोला 'छान, छान' म्हणत गेलो. तुमच्या खोलीत ज्या शब्दाला बंदी होती, नेमका तोच शब्द. खरं तर एका फोटोत तिच्या लेकराच्या डोक्यातून विजेचा खांब उगवला होता. ती जरा बाजूला सरकली असती तर पोरगं मोकळं झालं असतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर तिनं बोटानं पुढचा फोटो आणलाही होता. हल्ली फोटो ढीगभर असतात आणि थांबून बघायला कुणाला सवड नसते. घरी आलो, दार लावून घेतलं, आणि तुमची फार आठवण आली. माझं वय आता तुमच्याहून बरंच पुढं गेलंय, तरी तुम्हाला लिहायचं म्हटल्यावर शर्टाचं वरचं बटण लावून बसलो.

तेव्हा आम्ही कागदावर उस्मानाबाद लिहायचो आणि बोलताना धाराशिवच म्हणायचो. उर्दूतल्या जुन्या फायली मराठीत आणायचं काम कचेरीत चाललं होतं आणि त्या कामावर मी भूमहून आलेला नवा कारकून होतो. राहायला भाड्याची खोली. आठवडा कसाबसा निघायचा, रविवार मात्र खायला उठायचा. म्हणून कुणाचा तरी जुना डबा कॅमेरा घेतला होता आणि तो गळ्यात अडकवून गावभर हिंडायचो. हायस्कूलच्या फाटकाशी तुम्ही मला हटकलंत. तुम्ही तिथले ड्रॉइंग मास्तर, एवढंच मला माहीत होतं. "काढलेले फोटो दाखवता कुणाला?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "न्हाय मास्तर, कुणाला दाखवू?" "मग रविवारी दुपारी या. चहा करता येतो ना?" फोटोचा आणि चहाचा काय संबंध ते मला रविवारपर्यंत कळलं नव्हतं.

तुमची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि कोपऱ्यात स्टोव्ह. एकटा माणूस, त्याला लागतं काय? आपण चौघं जमायचो. बांधकाम खात्यातले ओव्हरसियर, सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर, तुम्ही आणि मी. सगळ्यांचे फोटो कंपाउंडरच आपल्या घरी, खिडकीला घोंगडी लावून, धुऊन द्यायचे. रीत अशी की ज्याचा फोटो टेबलावर, त्यानं स्टोव्ह पेटवायचा आणि सगळ्यांकडं पाठ करून चहा करायचा. चहा होईस्तोवर त्यानं अवाक्षर बोलायचं नाही. त्याचा चेहरा दिसला की बोलणारे भिडेला पडतात, असं तुमचं म्हणणं. फोटोवर बोलणं वाढलं की चहा उकळत राहायचा. ओव्हरसियरांच्या फोटोंचा चहा तर हमखास कडू. आभाळाचा त्यांना भारी सोस, आणि एवढ्या आभाळाचं करायचं काय यावर दर वेळी वाद व्हायचा.

काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या तुम्ही कापून ठेवल्या होत्या. त्या फोटोवर समोरासमोर ठेवायच्या आणि सरकवत न्यायच्या, की हवा तेवढाच चौकोन उघडा राहतो. बाकीचं जे झाकलं जायचं त्याला तुम्ही 'फजूल' म्हणायचात, म्हणजे बिनकामाचं. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस, असे शब्द तुमच्या तोंडात सहज यायचे. आधी नजर कुठं गेली ते सांगा, मग फजूल काय ते सांगा, मग बाकीचं. एकदा कंपाउंडरांनी तामलवाडीच्या विहिरीवरचे बैल आणले होते. मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "अगदीच बेकार." तुम्ही पट्ट्या खाली ठेवल्यात. "बेकार हे तुमचं मत झालं. ते घरी नेऊन त्यांनी काय करायचं? उद्या ते परत त्या विहिरीवर जाऊन उभे राहतील. तेव्हा उपयोगी पडेल असं काही तरी सांगा." माझे कान तापले. खाली मान घालून पुन्हा बघितलं तर बैलांचे पाय गुडघ्यात कापले गेलेले. तसं म्हणालो. कॅमेरा थोडा खाली धरला असता तर पाय आले असते आणि पायाखालचा चिखलही आला असता. स्टोव्हपाशी पाठमोरे उभे असलेले कंपाउंडर रीत विसरून ओरडले, "व्हय की! चिखल लई भारी होता!" आपण सगळे हसलो. त्या गावात मी पोट धरून हसलो तो पहिलाच दिवस असेल.

मग माझी आई गेली. दिवस घालून, डोक्याच्या गोट्यावर टोपी चढवून मी परत आलो. सगळ्यांनी रीतसर विचारलं, मी रीतसर उत्तरं दिली. आईबद्दल कुणाशी बोलावं असं फार वाटायचं. पण सुरुवात कुठून करायची ते कळायचं नाही. रविवारी मी एक फोटो टेबलावर ठेवला आणि स्टोव्ह पेटवायला गेलो. फोटो भूमच्या घरातल्या स्वयंपाकघराचा होता. माळवदाच्या छतातल्या झरोक्यातून चुलीवर ऊन पडलंय, चुलीवर तवा आहे, आणि डावीकडच्या भिंतीशी आईचा पाट आहे. त्यावर कुणी नाही. हे कुठलं घर, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची रीतच नव्हती.

पाठीमागचं सगळं ऐकू येत होतं. कंपाउंडर म्हणाले, ऊन झकास आलंय. ओव्हरसियर म्हणाले, "उजवीकडचं सगळं ब्येस. पण डावीकडं नुसती भिंत हाय राव. रिकामीच. ती कापून टाका, चूल कशी उठून दिसंल." कंपाउंडरही हो म्हणाले. त्यांचं चुकलं नव्हतं, मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. पुठ्ठ्याच्या पट्ट्या फोटोवरून सरकल्याचा आवाज आला आणि आईची जागा झाकली गेल्याचं मला पाठमोऱ्यालाच कळलं. साखरेचा डबा हातात तसाच राहिला.

मग तुमचा पलंग करकरला. आणि पट्ट्या परत उलट्या सरकल्या.

"नाही," तुम्ही म्हणालात. "हे फजूल नाही. काढणारा माणूस याच भिंतीकडं बघत होता. चूल आपली मधे आली." मग म्हणालात, "एक मात्र आहे. हा दारातून काढलाय. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून. आत जायला पाहिजे होतं." ओव्हरसियरांनी विचारलं, आत जाऊन काय वेगळं दिसणार? तुम्ही म्हणालात, "ते गेल्यावरच कळेल. त्या पाटावर बसून बघायला पाहिजे." मी चहा गाळत होतो आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पाठ करून उभं राहायच्या त्या रीतीचा एवढा आधार मला पुन्हा कधी वाटला नाही. तुम्ही सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत. फोटोत चुकलं काय तेवढं सांगितलंत, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की कुणी तरी माझ्याकडं बघितलं. निघताना दारात एवढंच म्हणालात, "दिवाळीला जाल ना गावाकडं? कॅमेरा न्या."

मी नेला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाण्याला गेली होती, तेव्हा उंबरा ओलांडून आत गेलो. आई गेल्यापासून मी त्या घरात वावरत होतो, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नव्हतं. पाटावर बसलो. तिथून काय दिसतं मास्तर? दार दिसतं. पूर्ण दार, आणि दारातून थेट अंगणाच्या फाटकापर्यंतची वाट. महिन्याकाठी एखाद्या शनिवारी मी एस.टी.नं यायचो तेव्हा हातपाय धुवायच्या आत आई ताट वाढून बसलेली असायची. हिला आधीच कसं कळतं, याचं मला नवल वाटायचं. ती तिथून बघत बसायची, एवढंच. ज्या शनिवारी मी आलो नाही त्या शनिवारीसुद्धा. उपडं घमेलं मांडून त्यावर कॅमेरा ठेवला, उजेड कमी म्हणून श्वास धरून कॅमेऱ्याची झडप जरा वेळ उघडी ठेवली आणि ते दार घेतलं.

परत आल्यावर रोल द्यायला कंपाउंडरांकडं गेलो. त्यांनी रोल घेतला नाही, माझा हातच धरला. "मास्तर गेले. छातीत कळ आली. आमच्याच दवाखान्यात आणलं होतं. काही करता आलं न्हाय." तुमचा पुतण्या येऊन सामान घेऊनही गेला होता. पुठ्ठ्याच्या त्या पट्ट्या कचऱ्यात निघाल्या होत्या, त्या कंपाउंडरांनी माझ्यासाठी उचलून ठेवल्या होत्या. पुढं ओव्हरसियरांची बदली झाली. कंपाउंडर रस्त्यात भेटायचे, पण फोटोचा विषय आम्ही दोघंही काढायचो नाही. तो रोल मी बाजारातल्या स्टुडिओत धुऊन घेतला आणि कॅमेरा पेटीत ठेवला. नोकरी झाली, संसार झाला, बायको गेली, मुलगा पुण्याला स्थायिक झाला. त्या दाराचा फोटो मी बायकोलाही दाखवला नाही. ती चांगली होती, ती 'छान' म्हणाली असती.

तुम्ही काय म्हणाला असता, ते मी खूपदा ठरवून बघितलंय. ओव्हरसियरांचं सोपं आहे, दार अगदी मधोमध आलंय म्हणाले असते. कंपाउंडरांना फाटकावरचं ऊन आवडलं असतं. तुमचं मात्र मला कधीच ठरवता येत नाही, आणि त्याचंच फार एकटं वाटतं. माझं कुठं चुकलं ते सांगणारं आता कुणी उरलं नाही, मास्तर.

हे कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकतो. आज दुपारी तो फोटो टेबलावर ठेवला. शेजारी तुमच्या पट्ट्या ठेवल्या आणि टेबलाकडं पाठ करून चहा टाकला. मागं कुणी नाही हे मला ठाऊक होतं. तरी चहा चांगला कडू होईस्तोवर उकळू दिला.