बटण न दाबता

९ ऑक्टोबर, गुरुवार
निखिलचा गेमिंग कम्प्युटर खरा केवढ्याला पडला, ते आज चहा घेता घेता काढलं. मूळ बिल एक लाख दहा हजार. मग ग्राफिक्स कार्ड बदललं, ते बत्तीस. खुर्ची अकरा. खोलीत वेगळी वायर ओढली, ती घरची मजुरी म्हणून फुकट. वर त्यावरून जूनमधलं एक भांडण आणि पोराचं पोलंडचं एक तिकीट, तेही एका बाजूचं. आज विकला तर पंचावन्न येतील.
विकतोच. सुमनला सांगितलं. म्हणाली, "विका. पण पोराला विचारून विका."
विचारायचं म्हणजे आधी मी बोलायचं. आयुष्यात दोन गोष्टी केल्या नाहीत. उधारीसाठी हात पसरला नाही आणि भांडणानंतर आधी तोंड उघडलं नाही. बापाशी नाही, भावाशी नाही. आता पोराशी? हॅट.

११ ऑक्टोबर, शनिवार
पाऊस, म्हणून दुकान लवकर बंद केलं. दिवेलागणीला सुमन देवापाशी, मी हॉलमध्ये. निखिलच्या खोलीतून पंख्याचा आवाज. छताच्या नव्हे, कम्प्युटरच्या. दार बंद. खोलीत जूनपासून कोणी नाही.
उघडलं तर मशीन चालू. आतले निळे दिवे चालू. पडद्यावर त्याचं नाव, खाली पासवर्डची रिकामी चौकट.
मागे सुमन, हातात निरांजन. "तुम्ही लावलात?"
"नाही. तू?"
"मला कुठलं बटण ते तरी माहीत आहे का!"
करंट जाऊन आला असेल. बंद केला. बिघाड सापडेल. मोटार वाइंडिंगमध्ये जन्म गेला, कान लावला की बेअरिंग गेलंय का कॉइल ते सांगतो. जे. पी. नगरात आपल्या कानाला अजून कुणी खोटं पाडलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा. तीच वेळ. करंट गेलाच नव्हता.
एक गोष्ट सु.ला सांगितली नाही. पडद्यावर नुसती पासवर्डची चौकट असताना पंखा एका लयीत फिरायला हवा. तसा फिरत नव्हता. चढत होता, उतरत होता. गेममध्ये मारामारी सुरू झाली की चढतो, संपली की खाली येतो. तीन वर्षं भिंतीपलीकडून रोज ऐकलंय. पोरगा जिंकला का हरला, तेही मला हॉलमध्ये बसून कळायचं. कधी बोललो नाही.
आज तो जिंकत होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
एस. पी. रोडला मंजूकडे. कानडी पार्ट्सवाला, वीस वर्षांची ओळख. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णा, भूत-बीत नहीं. सेटिंग देखो, लॅन का वायर निकालो, माऊस निकालो. माऊस स्वल्प हिला तो भी चालू होता है." मग हळूच, "एसएमपीएस भी पुराना है ना? बदल डालो."
एसएमपीएस म्हणजे आतला पॉवर देणारा डबा. तो साडेआठशे वॅटचा गळ्यात मारत होता. कार्ड, प्रोसेसर, डिस्क, सगळ्यांची वॅट जोडून दाखवली, साडेसहाशेत भागतं. मग तीन कंपन्यांचे डबे लावायला लावले आणि एकेकाला कान देऊन ऐकले. मंजू हसायला लागला, "अण्णा, ये कलिंगड है क्या?"
दोन चिरकत होते. तिसरा घेतला.
विकायच्या मशीनला नवा पार्ट कशाला, असं त्यानं विचारलं नाही. मीही नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
नवा डबा बसवला. लॅनची, म्हणजे इंटरनेटची वायर काढली. माऊस, कीबोर्ड काढून कपाटात. सेटिंग मंजूने लिहून दिल्याप्रमाणे.
दिवेलागणीला झालाच चालू.
मी पोचायच्या आत सुमन खुर्चीत. त्याचा हेडफोन कानाला लावून. तोंडापुढे ती माईकची काडी. हाक मारली तर बोट ओठावर ठेवलं.
मग काढून दिला. "बोलत कोणी नाही हो. पण ऐकतंय कुणीतरी."
मी घेतला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
सु.ने दसऱ्याला निखिलला पाठवलेल्या मेसेजवर अजून एकच टिक. त्याचा मित्र इथंच हेब्बाळला नोकरीला आहे, त्याला फोन केला. "अंकल, नंबर बदललाय त्यानं. घरी दिला नाही?" नवा नंबर पाठवला त्यानं. माझ्या फोनमध्ये आहे.
सु.ला म्हटलं, लाव. तिनं भाजी चिरायची थांबवली नाही. "नंबर त्यानं मुद्दाम दिला नाही. मी लावणार नाही. ज्यांनी तोडलं त्यांनी लावावा."
विमानतळावर पोरगा काय म्हणाला होता ते तिनं नको तेव्हा काढलंच: "अप्पा, तुमचे कान फक्त मोटारींसाठी."

१८ ऑक्टोबर, शनिवार
गिऱ्हाईक आलं. देवनहळ्ळीचा, जमिनीच्या पैशातला. सोबत मेहुणा. सकाळचं ऊन. बटण दाबलं, मशीन मेलेलं. पुन्हा दाबलं. दगड. मीही दाबलं. मेहुणा म्हणाला, "एनु अण्णा, हे तर शोपीस!" चहा पिऊन गेले. पैसे राहिले ते राहिले, लाज गेली.
सु. कप विसळत होती. पाठमोरी. हसत असावी.
संध्याकाळी बटणाला हात न लावता चालू. पंखा चढला, उतरला. मी दाराशी उभा. आत गेलो नाही.
इथं दिवेलागण म्हणजे तिथं दुपार. मेलेल्या माणसाचं ऐकलंय बरंच. जिवंत माणूस असा येतो का?

२० ऑक्टोबर, सोमवार. दिवाळी
उटणं, फराळ, शेजारच्या अक्कांची होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी. सु.ने एक पणती त्याच्या खोलीत ठेवली, कम्प्युटरपासून लांब. म्हणाली, "त्याला धूर चालत नाही ना." त्याला म्हणजे कोणाला, ते विचारलं नाही.
फोन नाही. मीही नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
सापडलं!!
दुकानात मिक्सर दुरुस्त करताना बटण दाबलं, टिक झालं. आणि डोक्यात लख्ख. परवा त्या देवनहळ्ळीवाल्यानं दाबलं तेव्हा टिक झालंच नव्हतं. कानानं नोंद घेतली होती, मी वाचली नाही.
घरी येऊन पुढचं पॅनेल उघडलं. बटणाच्या आत लाल चिखल. कुंकू. खंडेनवमीच्या आयुधपूजेला मीच लावलेलं. दुकानातली रीत, मशीनला कुंकू लावायचं ते त्याच्या स्विचवर, जिथून ते जागं होतं तिथं. घरी मिक्सर, स्कूटर, ग्राइंडर, सगळ्यांना लावलं. बोलणं नाही तरी पोराच्या मशीनला वगळणार कसं? उलट जरा जास्तच लावलं. हळद-कुंकू, पाण्यात कालवून.
आता हिशेब सरळ. संध्याकाळी पाऊस, हवा ओली, कुंकू ओलं, आतल्या आत जोडणी होते, चालू. सकाळी ऊन, कुंकू सुकतं, बटण घट्ट, बंद. भूत नाही, काही नाही. माझंच बोट.
स्विच वायरसकट उपटून काढला. मंजूला फोनवर सांगितलं, आपल्या कानाला न सापडणारा बिघाड अजून जन्मायचाय. "सरी अण्णा, सरी," म्हणाला, म्हणजे बरं बरं.
पंख्याच्या चढ-उताराचं काय, ते राहिलं. असेल काहीतरी.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
दिवेलागणीला शांत. दणकून पाऊस, तरी शांत.
सु. निरांजन घेऊन त्या दारापर्यंत गेली, थांबली, परत आली.
"दुरुस्त केलंत."
"केलं."
"छान केलंत."

२८ ऑक्टोबर, मंगळवार
चार संध्याकाळी काही नाही. सु. माझ्याशी लागेल तेवढंच. वाढू का, दूध आणा, गॅस बुक करा. टीव्ही लावत नाही. पूर्वी आवाज सहन व्हायचा नाही, आता हे. या घरात इतकं स्पष्ट ऐकू येतं हे माहीत नव्हतं. फ्रिज बंद होतो तेही ऐकू येतं.
नवा स्विच आणला, बसवला नाही. जुना, कुंकवाचा, शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतोय. हा परत जोडला तर? बिघाड परत बसवायचा. वाइंडिंगच्या धंद्यात असं कुणी केलं असतं तर कानाखाली वाजवली असती.
पण सु.ला संध्याकाळी कुठं जायचं ते तरी राहील.
नंबर आज दोनदा काढून बघितला. पुढे +48. परत ठेवला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
ठरलं. रविवारी दुकान बंद, सु. देवळात जाईल तेव्हा जुना स्विच जोडतो. थोडं पाणी शिंपडून. तिला सांगायचं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
जमलं नाही. सु. देवळात गेलीच नाही, गुडघा दुखतोय म्हणाली. दिवसभर घरात. उद्या बघू म्हटलं. पाऊस नाही, कोरडी हवा.
दिवेलागण. तिनं काडी ओढली. पंखा सुरू झाला.
आधी वाटलं, वरच्या मजल्यावरचा. कान दिला. आमचाच. खिसा चाचपला. स्विच खिशात. नवा अजून पाकिटात, कपाटावर. मदरबोर्डवरच्या स्विचच्या दोन पिना उघड्या, त्यांना काहीही जोडलेलं नाही. वाकून, बॅटरी मारून पाहिलं. माऊस, कीबोर्ड, लॅन, सगळं अजून काढलेलंच.
पंखा चढत होता. या वेळी हरत होता. ते ऐकूनच कळतं, चढतो आणि उतरायला मागत नाही.
सु. शेजारी. घाबरली नव्हती. हेडफोन उचलला आणि मला दिला. या वेळी घेतला.
आत काही नाही. खरखर नाही, घरघर नाही. पण फोन उचलून कुणी गप्प राहिलं की पलीकडे जशी जागा असते, तशी जागा होती. मोटारींसाठीचे कान असोत नाहीतर कसलेही, एवढं कळतं.
काय बोलायचं? चार महिन्यांत काही ठरवलंच नव्हतं.
"जेवलास का?" म्हटलं.
पंखा उतरला. अगदी हळू झाला, पण थांबला नाही.
सु. बाहेर जाऊन माझा फोन घेऊन आली. +48 वाला नंबर काढून समोर धरलाय. अजून धरूनच आहे, मी इथं हे लिहितोय.
ते पुढचं पुढे. आधी मीच बोललो.