शहाबादीवरचे पांढरे चट्टे

आप्पा, तुम्हाला लिहायचं म्हणून कितीदा बसलो आणि उठून चहाला गेलो. तुम्ही जाऊन वर्षं झाली. मी लई गावं फिरलो, आता जळकोटला हायवेकडच्या फरशीच्या वखारीत माल उतरवतो. म्हणजे शेवटी दगडच. शहाबादी, तांदूर, कोटा, काळा कडप्पा, सगळी चुनखडीचीच भावंडं. एक ट्रकवाला सांगत होता, शहाबादी म्हणजे जुन्या समुद्राचा तळ. चुन्याचा गाळ थरावर थर बसला आणि वरच्या ओझ्यानं दगड झाला. म्हणून छिन्नी लावली की पापुद्र्यासारखी सुटते. तुमच्या डबीतला चुनासुद्धा असलाच दगड भाजून केलेला. चुन्याच्या दगडाला ॲसिड खातं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. नाहीतर आपल्या लोहाऱ्यात, माझ्या शाळेच्या मास्तरांच्या नव्या घरात फरशी बसवल्यावर सिमेंटचे डाग काढायला तुम्ही ॲसिड ओतलं नसतं.

फरशी फसफसतेय, निळसर रंग जाऊन पांढरे चट्टे उठतायत, बाटली तुमच्या हातात. तेवढ्यात मास्तर आत येतात. तुम्ही बाटली माझ्या हातात कोंबता आणि कानाखाली काढता. "पोरानं घाण केली, सर. त्याला काय कळतंय?"

मास्तर हसले. "आप्पा, पोरगं हाय का ॲसिड?"

तेच नाव पडलं. वर्गात ॲसिड, पानटपरीवर ॲसिड, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. त्या रात्री आईला खरं काय ते सांगून तुम्ही मला एक भाकरी जास्त वाढायला लावलीत. शाळा सुटली, मग गाव सुटलं. तुम्ही गेलात तरी काम बिघडवणारा मीच राहिलो.

परवा आईचा फोन. आपल्यात पुरतात, तुमच्या समाधीवर अजून नुसती माती आहे. "फरशी तुझ्याच हातची पाहिजे. त्यांनीच शिकवलंय तुला."

म्हणालो, "आधी लोकांना सांग ॲसिड कुणी ओतलं. मग येतो."

"मेलेल्या माणसाचं कशाला काढायचं रं?"

"आणि जित्याचं?" मी फोन ठेवला.

हा कागद कुठं धाडणार, माझ्याच खिशात राहील. एक मात्र कबूल करतो. कालच्या गाडीतली एक सरळ, बिनचिरीची शहाबादी मी ढिगामागं उभी करून ठेवलीय. कडा घासल्यात. गिऱ्हाइकाला दाखवली न्हाय.

थांबा, मालक हाक मारतायत. "अय, तुझी आई आलीय, लोहाऱ्याच्या जीपनं! एकटीच. जीपमधल्या सगळ्यांना सांगत आली म्हणं, पोरानं न्हाय, नवऱ्यानं ओतलं. कसलं ॲसिड रं?"