कपातला डोळा

लातूर, रविवार

ती. उमाशंकरदादास मंजुश्रीचा शरणार्थ.

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. तू कंधारहून पाठवलेली तीन अंडी मी उबवणपेटीत ठेवली, मग फोडून पारदर्शक प्लास्टिकच्या कपांत सोडली.
२. तिन्ही कपांत काळीज धडधडू लागलं.
३. ते आत्याने, म्हणजे तुझ्या आईने, पाहिलं.
४. दोन थांबले.

तुझं पित्त कमी असेल, आणि शेतावरच्या कोंबड्याही खुशाल असतील. (घाबरू नकोस, आत्याला त्यांच्याविषयी मी काही बोललेले नाही.) कॉलेजला दिवाळीची सुट्टी, प्रयोगशाळेची वीज बंद, म्हणून पेटी घरी आणून माझ्या कपाटामागे ठेवली. कवचाशिवाय पिलू वाढताना बघायचं, आणि ते पुरतं वाढायच्या आत प्रयोग संपवायचा, असं सरांनी माझ्याकडून लिहून घेतलंय. आपल्या लिंगायत घरात अंडं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सापडलं तर पेटीसकट मीही रस्त्यावर, हा माझा अंदाज. पण आत्याने झाकण काढलं आणि नुसती बघत राहिली. लाल शिरांचं जाळं, त्यात एक काळा डोळा, पापणी नसलेला. मग म्हणाली, "उमाकडचं हाय न्हवं हे?" (मी सांगितलं नव्हतं.) बाकीच्या दोन कपांकडे बोट करून म्हणाली, "ह्येंना जीव लावू नको. निघालेत ते." सकाळी दोन्ही थांबलेले होते. ऊब आणि ओलावा तिन्हींना सारखाच होता; मी पुन्हा तपासलं.

आता रोज लिंगपूजा झाली की ती कपाला भस्माचं बोट लावते. मी कप कसाही फिरवून ठेवला तरी डोळा दाराकडे येतो, ती यायच्या जरासा आधी. (गर्भ बलकावर तरंगत फिरतो, हे मला कळतं. दाराकडेच का, हे कळत नाही.) काल म्हणाली, "घरात जीव आला की लिंग बांधावं लागतं. जंगमस्वामींना सांगून ठेवलंय." आत्या, कोंबडी आहे ती, किडे खाईल, असं मी म्हटलं. "शिकवू की. उमाला न्हाई का शिकवलं?" (यावर मी गप्प बसले. हे उपकार विसरू नकोस.)

प्रयोग संपवायला मी दोनदा पेटीचं बटण बंद करू गेले. दोन्ही वेळा डोळा माझ्याकडे होता. तेव्हा तू ये आणि हे घेऊन जा.

मंजुश्री

ता. क. आत्ताच आत्याने विचारलं, "उमाच्या कोंबड्या बऱ्या हायत का, तेबी लिही." मी खरंच सांगितलेलं नाही.

ता. क. २. लगेच नेऊ नकोस. कवच नसलं की शेवटी शेवटी पिलाला नुसती हवा पुरत नाही. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर मिळेल का, ते शुक्रवारपर्यंत कळव.