व्हिसाचा भाव

२ मार्च, सकाळ
बँकेची फुकटची डायरी पडून होती. आजपासून लिहायचं. चौथी पास आहे, आणि कोणाला वाचायला द्यायचं नाहीये.
चैत्रालीला, म्हणजे आमच्या सुजितच्या मुलीला, इंग्लंडात नोकरी लागली. अंबरनाथला एमआयडीसीत मशीनची ड्रॉइंग काढते, तिकडेही तेच काढणार. मग जायचं कशाला? पण मी अडवणारी नाही. व्हिसाचा खर्च मी करीन असं मीच सगळ्यांसमोर बोलले. एफडी आहे माझी. शब्द म्हणजे शब्द.

५ मार्च
खर्च ऐकला. बरोब्बर एफडीएवढा. त्यांना माझा आकडा कळला कसा? सुजितवर नजर ठेवायची.
वर तिकडच्या दवाखान्याचे पैसे आत्ताच भरायचे. आजारी पडायच्या आधी! नाहीच पडली तर परत देतात का, विचारलं. नाही म्हणे.
चैतू म्हणाली, आजी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फी वाढणार, लवकर भरू. हे वाक्य मी चांगलं ओळखते. तीस वर्षं उल्हासनगर कॅम्प तीनमधून कटपीस आणून इथे बेलवलीत विकले. उद्या भाव वाढणार, असं तिथला प्रत्येक शेठ मला रोज सांगायचा.
ठराव : घाई नाही. घासाघीस.

८ मार्च
चैतूच्या स्कूटीवर बसून कॅम्प तीनला. व्हिसाचा एजंट मुरलीशेठ. याच्या बापाने मला रंग जाणारं कापड गॅरंटी देऊन विकलं होतं. मुलगा एसीत बसतो, एवढाच फरक. कंप्युटर फिरवून आकडा दाखवला. कंप्युटर त्याचा, आकडा त्याचा. मी निम्मे बोलले. तो म्हणाला, अम्मा, ये गव्हर्मेंट की फी है. म्हटलं, मग लाव गव्हर्मेंटला फोन, मी बोलते. चैतू टेबलाखालून माझा पदर ओढत होती. माल हवाय हे असं दाखवतात का दुकानात?
मी उठले. जिन्यात तिला शिकवलं : उठून चालायला लागायचं, मागे वळून बघायचं नाही. हाक येतेच. आणि जो हाक मारतो तो हरला.
हाक आली नाही. समोरच्या गाडीवर दाल पकवान खात बसलो, त्याला काचेतून दिसू असं. दोन प्लेटी झाल्या. तो शटर ओढून जेवायला गेला. पक्का आहे, बापासारखा.

१७ मार्च
मुरलीशेठचा फोन नाही. म्हणजे घाबरलाय.
सुजित म्हणाला, आई, तुला एफडी मोडायची नसेल तर तसं सांग. म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, कशाचा आहे ते मला कळतं. आणि चप्पल घालून निघाला. काहीतरी शिजतंय.
चैतू गप्प असते. पटलं असणार.

२३ मार्च
पार्किंगमधून स्कूटी गायब! वॉचमन भगवंतवर माझा आधीपासून डोळा होता. रोज दाढी करतो. एवढ्याशा पगारात रोज कोणासाठी? चार माणसांत झापला. म्हणाला, आजी, ताईंना विचारा ना. चैतू म्हणाली सर्व्हिसिंगला दिलीय. सुटला मेला. या वेळी.

१० एप्रिल
फी वाढली म्हणे. सुजितने मोबाइलवर दाखवलं. मोबाइलही त्याचाच. पण खरं धरलं तरी वाईट काय? भाव वाढला की गिऱ्हाईक तुटतं. मुरलीशेठ आता नरमणार. उद्या एकटीच जाते. एफडीची पावती ब्लाउजात ठेवली. आपण तयार आहोत, फक्त दाखवायचं नाही.

११ एप्रिल
शेअर रिक्षाने गेले. मुरलीशेठने उठून पेढा दिला. मी विचारलं, कशाचा? म्हणाला, बच्ची का व्हिसा आ गया, अम्मा. चैतूने फी मार्चमध्येच भरली. जुन्या भावात. स्कूटी विकली, उरलेल्या पैशांसाठी कर्ज काढलं. बच्ची बोली, दादी को मत बताना, उनको सौदा करने दो.
पेढा बरा होता.
पावती ब्लाउजात तशीच. एक पैसा गेला नाही. म्हणजे सौदा जिंकला कोणी?
घरी चैतूपुढे पावती टाकली. म्हटलं, घे, कर्ज फेड. म्हणाली, राहू दे आजी, तुझ्या दवाखान्याला. आजारी पडायच्या आधीच भरून ठेव.
जीभ माझ्यावर गेलीय.
भगवंतला अर्धा पेढा दिला. माफीबिफी नाही.

१८ मे, पहाट
गल्लीचा रस्ता खोदलाय, गाडी नाक्यावर उभी. सुजित बॅग घेऊन पुढे गेला. चैतू पाया पडली, रडली नाही. चांगलं वळण आहे. मी गॅलरीत उभी. ती चालत गेली, ताठ. मागे वळून बघितलं नाही. बरोबर शिकलीय.
मी हाक मारली. लसणाची चटणी कुठल्या कप्प्यात ठेवलीय, तेवढं सांगायला.
दुसऱ्यांदा मारली तीही चटणीसाठीच.