उतरू न दिलेली टोपी

प्रिय डल्सी,

तुमच्याकडे पाऊस झाला का? मेंढ्यांना विकतचा चारा घालावा लागतोय असं तू म्हणालीस, ते मनातून जात नाही. तुझा फोन आला की मी नुसता हं हं करतो, म्हणून रागावू नकोस. माझ्या खोलीच्या खालीच आमच्या जीवरक्षक क्लबचं स्वयंपाकघर आहे. मी शिंकलो तरी खालून कोणीतरी ओरडतं, "केल, बरा आहेस ना रे?" म्हणून लिहितोय.

जोनच्या आजारपणात आमचं दोघांचं घर विकलं, आणि ती गेल्यावर मी क्लबच्या माडीवर राहायला आलो, तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! "जिवंत असेपर्यंत ही खोली तुझी," असं अध्यक्ष वॉरिकनं भर जेवणात जाहीर केलं. सकाळी डोळे उघडले की समोर अख्खा गॅनेट बे, वाळूत रोवलेले लाल-पिवळे झेंडे, आणि खालून माझ्या नावानं हाका. लोक म्हणतात, नशीबवान आहेस. असेनही.

गेल्या सप्टेंबरात हंगामाच्या तोंडावर नेहमीची परीक्षा झाली. किनाऱ्यावर पहारा द्यायचा तर दरवर्षी ठरलेल्या वेळेत पोहून दाखवावं लागतं. इतकी वर्षं घड्याळ धरून मीच उभा असायचो आणि कोणाची गय करायचो नाही. वॉरिकच्या मुलालाही एकदा घरी पाठवलं होतं. त्या वेळी अर्ध्या वाटेत माझा डावा हात उचलेचना. सगळ्यांच्या मागून कसाबसा काठाला लागलो. वॉरिकनं घड्याळ कानाशी धरून हलवलं. "बंद पडलं वाटतं. पास रे, पास!" सगळे हसले. मी म्हणालो, "वॉरिक, मी नापास आहे." तर म्हणतो, "गप रे म्हाताऱ्या, तू नापास, मग आम्ही काय मासे पकडायचे?" आणि पहाऱ्याची लाल-पिवळी टोपी माझ्या डोक्यावर चढवून मोकळा झाला.

एका रविवारी पाठ दुखतेय म्हणून वर पडून राहिलो. तर शिकायला येणारी चिल्लीपिल्ली जिन्यावर बसून "कोच, कोच" करायला लागली, आणि त्यांच्या आयांनी पावात सॉसेज आणि कांदा घालून बशी वर पाठवली. दार लोटून घेऊ तरी कसं? गेलो खाली.

मग ईस्टरची सुट्टी आली. किनारा माणसांनी फुललेला. झेंड्यांच्या बाहेर, जिथं पोहायचं नसतं तिथं, एक माणूस पाण्याच्या ओढीत सापडला आणि हात हलवायला लागला. सर्वांत जवळ मी होतो, डोक्यावर टोपी होती, आणि त्याची बायको माझ्याकडे बघत किंचाळत होती. पळालो. त्याच्यापर्यंत पोचलो, तरंगणारी नळी त्याच्या काखेत अडकवली, आणि तिथंच माझा हात संपला. तोंडात पाणी जायला लागलं. तेवढ्यात टेगन बचावाची तरंगती फळी हातांनी वल्हवत आली. टेगन म्हणजे आमची पहाऱ्याची प्रमुख. नर्स आहे, दोन मुलांची आई आहे, आणि पोहायला माझ्याकडूनच शिकलेली. तिनं त्या माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला आधी उचललं. तो तसाच आत ओढला जात राहिला. त्याचा चेहरा लहान लहान होत गेला, तो मी फळीवर पालथा पडून बघत होतो. दुसऱ्या फेरीत तिनं त्याला आणलं. वाचला, पण दवाखान्यात ठेवावं लागलं.

किनाऱ्यावर टाळ्या पडल्या, आणि त्या माझ्यासाठी, डल्सी! गावातल्या पेपरात माझा फोटो आला: या वयातही लाटांशी झुंज. संध्याकाळी टेगन चहा घेऊन वर आली. मी म्हटलं, "खरं काय झालं ते सांग त्यांना." तिनं चहा खिडकीत ठेवला. "केल, तुझ्याविरुद्ध मी तोंड उघडणार नाही. मला ते जमायचं नाही." आणि रडली. त्या रात्रीपासून मला पाणी दिसलं की तोंड फिरवावं लागतं, आणि इथं दुसरं दिसण्यासारखं काही नाही.

त्यानंतर कमिटीत मी दोनदा उठून सांगितलं की मला आता पोहता येत नाही, मला सोडा. दोन्ही वेळा त्यांना ते विनय वाटलं. दुसऱ्या वेळी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आता जुलैच्या शेवटच्या शनिवारी वार्षिक सभा आहे. मला पुन्हा मुख्य कोच करून पहाऱ्यावर ठेवायचं त्यांनी ठरवलंय. केकसुद्धा सांगून झालाय. माझा शब्द इथं कोणी खरा धरत नाही. पण मुलींना क्लबात घेत नसत त्या काळी, याच सभेत, सगळ्यांसमोर, तू बाबांना "तुमचं चुकतंय" म्हणाली होतीस, आणि तेव्हा कोणी हसलं नव्हतं. तर तू ये. लांबचा रस्ता आहे, तुझे गुडघे दुखतात, सगळं माहीत आहे. तरी ये. माझं नाव पुकारलं की ऊठ आणि सांग, माझा भाऊ बुडत होता. टाळ्या वाजल्या तरी बसू नकोस, पुन्हा सांग. तेवढं झालं की मी वर जाऊन बॅग आणतो. परत जाताना गाडीत माझ्यासाठी जागा ठेव.

तुझाच,
केल